मधूनच बी. ए. इंग्रजीला: ऐकीव गोष्टी आणि खरे नियम

नंदुरबार, धुळे, जळगावकडची हजारो कुटुंबं सुरतेत स्थिरावली आहेत. लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत अहिराणी आणि मराठी रोज कानावर पडते. महापालिकेच्या मराठी शाळाही आहेत. अशा घरांत दर उन्हाळ्यात एक प्रश्न उभा राहतो. मुलीचं पहिलं वर्ष गावाकडं झालं, आता सगळं बिऱ्हाड सुरतेत आलं. तिला इथं बी. ए. इंग्रजीच्या दुसऱ्या वर्षाला घालता येईल का? कुणी सांगतं, "सहज होतं, आता सगळं ऑनलाइन आहे." कुणी म्हणतं, "वर्ष वाया गेलं समजा." दोन्ही उत्तरं चुकीची आहेत आणि त्यांपायी मुलांचं नुकसान होतं.

"कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं काढायची आणि थेट विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षाला बसायचं" हा सल्ला बहुधा अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून येतो. तिकडं तो खरा आहे. इलिनॉयमधलं जोलिएट ज्युनियर कॉलेज १९०१ मध्ये सुरू झालं, तेव्हापासून ही वाट रुळत गेली. कॉलेजातला कोणता विषय विद्यापीठात कशाच्या बदल्यात धरायचा, याचे लेखी करार तिथं आधीच झालेले असतात. आपल्याकडं विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२-१३ च्या सुमारास आणलेली कम्युनिटी कॉलेजं वेगळ्या हेतूची आहेत. ती चालू कॉलेजांतच भरतात, हाताला काम मिळेल असं कौशल्य शिकवतात आणि प्रमाणपत्र किंवा पदविका देतात. पुढं शिकायचं तर त्यांची स्वाभाविक वाट बी. व्होक.ची. त्या पदविकेवर इंग्रजी साहित्याच्या मधल्या वर्षात आपोआप जागा मिळत नाही.

डीटूडीचंही (डिप्लोमा टू डिग्री) तसंच. पॉलिटेक्निकची पदविका घेऊन थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं ते इंजिनिअरिंगला. कला शाखेत तो नियम लागू नाही.

सर्वांत मोठा घोळ क्रेडिट बँकेबद्दल आहे. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये विद्यार्थ्याने मिळवलेली क्रेडिट जमा राहतात आणि ती साधारणपणे सात वर्षं वापरता येतात. सोय मोलाची आहे, पण बँक फक्त नोंद ठेवते. जागा आहे का, अभ्यासक्रम जुळतो का, हे नवं विद्यापीठच ठरवतं. शिवाय ज्या संस्थेची पदवी घ्यायची, तिथंच किमान निम्मी क्रेडिट मिळवावी लागतात. तीन वर्षांची पदवी किमान १२० क्रेडिटांची असते. पहिल्या वर्षाची ४० घेऊन आलात तर उरलेली ८० सुरतेत होतात, अट पुरी होते. दोन वर्षांची ८० घेऊन तिसऱ्या वर्षाला आलात तर इथं ४० च उरतात आणि निम्म्याची अट मोडते. म्हणून बदल करायचाच असेल तर पहिल्या वर्षानंतर करावा, असं मी आग्रहाने सांगेन.

आणखी एक खाच आहे. गावाकडं मुख्य विषय मराठी किंवा इतिहास असेल आणि इंग्रजी नुसतं जोडीला असेल, तर क्रेडिट ४० दिसतात, पण मुख्य विषय म्हणून इंग्रजीत पडलेली थोडीच असतात. ती तूट भरून काढावी लागते. गुणपत्रिकेवरची बेरीज पाहून हुरळून जाऊ नका. कोणत्या विषयाची किती, ते मोजा.

मग वर्ष वाया जातंच का? नाही. ज्या कवी नर्मदच्या नावाने सुरतेचं वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठ ओळखलं जातं, त्याने मुंबईच्या एल्फिन्स्टनमधलं शिक्षण मधेच सोडलं, रांदेरला मास्तरकी केली आणि १८५४ मध्ये पुन्हा एल्फिन्स्टन गाठलं. खंड पडला म्हणून शिक्षण संपत नाही. आणि कॉलेजात रोज जाणं जमणारच नसेल, तर इग्नू किंवा अहमदाबादचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुक्त विद्यापीठ आहे. आयोगाची मान्यता असलेली दूरशिक्षणाची पदवी नेहमीच्या पदवीच्या तोडीची धरली जाते.

"मराठी माध्यमाच्या मुलीला इंग्रजी साहित्य झेपणार नाही" हे वाक्य मात्र मनाला लागतं. बी. ए. इंग्रजी म्हणजे फाडफाड बोलण्याचा क्लास नव्हे. तिथं कविता, नाटक, कादंबरी, समीक्षा आणि भाषेचा अभ्यास असतो, आणि वाचनाची सवय माध्यम पाहून लागत नाही. भालचंद्र नेमाडे जळगाव जिल्ह्यातल्या सांगवीचे. त्यांनी धुळ्यापासून लंडनपर्यंत अध्यापन केलं आणि गोव्यात इंग्रजीचे प्राध्यापक होते. पहिलं सत्र जड जाईल, हे मुलीला प्रामाणिकपणे सांगा. पण दार लावून घेऊ नका.

आता कागदांचं. सत्रवार गुणपत्रिका, कॉलेजच्या शिक्क्यासह अभ्यासक्रमाची प्रत, क्रेडिट बँकेचा ओळख क्रमांक आणि मायग्रेशन सर्टिफिकेट ही मुख्य कागदपत्रं. गुजरातच्या सरकारी विद्यापीठांत पहिल्या वर्षाचे प्रवेश जीकास पोर्टलवरून होतात. मधल्या वर्षासाठी कॉलेज आणि विद्यापीठाच्या कार्यालयात जाऊन विचारा आणि उत्तर लेखी मागा. ते हातात पडेपर्यंत जुन्या कॉलेजातून दाखला काढू नका.