पत, पेढी आणि सल्ला : इंदूरचा एक मागोवा

१८१८ च्या जानेवारीत मंदसोर येथे होळकरांच्या वतीने इंग्रजांशी तहनामा ठरविणारे तात्या जोग, म्हणजे विठ्ठल महादेव किबे, हे जसे मुत्सद्दी होते तसे सावकारही होते; आणि महिदपूरच्या पराभवानंतर खजिना रिता, फौजेचा पगार थकलेला व मुलुखाचा मोठा भाग हातचा गेलेला, अशा विपन्नावस्थेत इंदूरला राजधानी वसवून दौलतीची घडी बसविणाऱ्या या गृहस्थांच्या ठायी राज्याचा दिवाण आणि पैशाचा व्यापारी अशी दोन्ही नाती एकवटली होती. आजचा कायदा याला हितसंबंधांचा संघर्ष म्हणेल व ते अयथार्थ ठरणार नाही. परंतु राज्य बुडाले असते तर दिवाणाची पेढीही बुडाली असती, ही गोष्ट त्या व्यवहाराच्या मुळाशी होती. १८२६ मध्ये तात्या वारले, आणि किबे घराण्याची सावकारी त्यानंतरही नांदती राहिली.

हिशेब निराळे ठेवण्याची शिस्त मात्र होळकरशाहीला त्याहूनही जुनी. पेशव्यांनी १७३४ मध्ये होळकर घराण्यातील गौतमाबाईंच्या नावे खासगी जहागीर लावून दिली तेव्हापासून खासगी आणि दौलत यांची दप्तरे वेगळी चालत, आणि अहिल्याबाईंचा धर्मादाय खासगीतून होई. एकाच घरातल्या दोन थैल्यांची सरमिसळ होऊ न देणे, एवढे साधे तत्त्व आपल्या नियामकांना पुढे किती प्रयासाने मुकर्रर करावे लागले, ते यथाक्रम येईलच.

एकोणिसाव्या शतकातील इंदूरकर गृहस्थ पैशासंबंधी विचारायला जाई तो सराफ्यात. तेथल्या पेढीवर दर्शनी आणि मुद्दती हुंड्या वटत, ठेवी राहत, माळव्याच्या अफूवर व कापसावर रकमा उचलल्या जात. आणि कोणाकडे पैसा ठेवावा, कोणाचा जामीन ग्राह्य धरावा, हे सांगण्याबद्दल मुनीम वेगळी फी घेत नसे. त्याचे उत्पन्न व्याजात आणि अडतीत असे, ते सर्वांना ठाऊक असे, आणि त्याने लबाडी केली तर गाठ व्यापाऱ्यांच्या पंचांशी असे. या व्यवस्थेचे मी गोडवे गाणार नाही. कुळांना नाडणारे व्याज आणि पिढ्यान्‌पिढ्या न फिटणारी गहाणखते याच पेढ्यांत लिहिली गेली. तथापि सल्ला देणारा चार पावलांवर बसलेला होता, एवढे खरे. खुद्द दरबारही कर्ज देताना ऋणकोची पत पाहूनच देई. दुसऱ्या तुकोजीरावांनी खंडवा-इंदूर लोहमार्गासाठी इंग्रज सरकारला एक कोट रुपये साडेचार टक्क्यांनी तब्बल १०१ वर्षांच्या मुदतीवर दिले, यावरून त्या काळची मुदतीची कल्पना किती दीर्घ होती ते कळते.

१९२० मध्ये बँक ऑफ इंदूर निघाली, १९६० मध्ये ती स्टेट बँकेची उपबँक झाली आणि २०१० मध्ये स्टेट बँकेत विलीन होऊन तिची पाटीही उतरली. मधल्या काळात नोकरदार मराठी कुटुंबाचा सल्लागार म्हणजे १९५६ नंतरचा आयुर्विमा महामंडळाचा एजंट. तो लग्नामुंजीला येई, हप्ता चुकला तर आठवण करी, आणि त्याचे सर्वांत मोठे कमिशन पहिल्या वर्षाच्या हप्त्यावर असल्याने पॉलिसी कोणती घ्यावी याबद्दल त्याचे मत बहुधा आधीच ठरलेले असे. स्वजातीय, स्वभाषिक संस्था म्हणून महाराष्ट्र ब्राह्मण सहकारी बँकेवर विसंबलेल्यांना चटका बसला तो त्याहून मोठा. चालू शतकात ती बँक बुडाली, ठेवीवरील विम्याची मर्यादा तेव्हा एक लाखाचीच होती, आणि संचालक आपल्यातलेच आहेत ही खात्री ताळेबंद वाचण्याची जागा घेऊ शकत नाही, हे निवृत्तांच्या बऱ्याच घरांना उतारवयात कळले.

परंतु इंदूरचे नाव देशभर झाले, किंवा खरे सांगायचे तर खराब झाले, ते त्यानंतरच्या धंद्याने. सोयाबीनची ही राजधानी. १९९९ मध्ये नॅशनल बोर्ड ऑफ ट्रेड येथे निघून सोयातेलाचे वायदे जोरात चालू लागले, २००३ पासून संगणकावरील वस्तुबाजार आला, आणि सट्ट्याची जुनी आवड, स्वस्त जागा व व्यवस्थापनाच्या पदव्या घेतलेले बेकार तरुण यांच्या संयोगातून विजयनगर-पलासिया भागांत ‘टिप्स’ विकणारी दालने उभी राहिली. एकेका दालनात मुले कानाला यंत्र लावून नागपूर, सुरत, कोइमतूर येथील अपरिचितांना फोन करीत. आधी दोन दिवस फुकट टिप, मग काही हजारांचे पॅकेज, तोटा झाला की तो भरून काढण्यासाठी त्याहून महागाचे पॅकेज, आणि मग ‘एचएनआय’ म्हणजे धनाढ्य नामक श्रेणी, जिच्यात ग्राहकाची ऐपत कोठेच लागत नसे. ग्राहकाची जोखीम सोसण्याची शक्ती तपासणारे जे पत्रक सल्ल्याच्या आधी भरून घ्यावयाचे, ते पैसे जमा झाल्यावर भरले जाई, आणि पन्नास हजार वार्षिक उत्पन्नाच्या माणसाच्या नावापुढे अतिजोखमीची खूण केलेली आढळे. भांडवल बाजाराची नियामक संस्था सेबी हिच्या आदेशांतून हा प्रकार इतक्यांदा येतो की एक वाचला म्हणजे पुढचा न वाचता सांगता यावा. पुण्याचे नातेवाईक मला इंदूरच्या स्वच्छतेबद्दल शाबासकी देतात आणि त्याच दमात ‘तुमच्याकडून फोन फार येतात हो’ असेही सुनावतात.

या धंद्यातील पुष्कळ मंडळी नोंदणीकृत होती, ही यातली विशेष गोष्ट. सेबीने जानेवारी २०१३ मध्ये गुंतवणूक सल्लागारांचे विनियम प्रसिद्ध केले, तेव्हा सनद मिळाली की सचोटी आपोआप येईल असा भाबडा समज सर्वत्र होता. प्रत्यक्षात आयएनए या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक जाहिरातीच्या कपाळी मिरवू लागला. खरा रोग पैसे येण्याच्या वाटेत होता. ऑगस्ट २००९ मध्ये म्युच्युअल फंडांवरील सव्वादोन टक्क्यांपर्यंतचा प्रवेशभार बंद झाला तरी वितरकाचे कमिशन फंडाकडून येतच राहिले, म्हणजे ग्राहकाला त्याचा सल्ला मोफत वाटे. २०२० च्या दुरुस्तीने मात्र दोन थैल्या वेगळ्या केल्या : एका कुटुंबाला सल्ला देणाऱ्याने त्याच कुटुंबाला वितरक म्हणून माल विकू नये, लेखी करारनामा हवाच, ठोक फी घेतल्यास तेव्हाच्या मर्यादेप्रमाणे कुटुंबामागे वर्षाला सव्वा लाखाच्या वर नको, आणि तेव्हाच्याच नियमाप्रमाणे दोन तिमाहींपेक्षा अधिक आगाऊ घेऊ नये. या शेवटच्या कलमाने पॅकेजवाल्यांचा कणा मोडला, कारण त्यांचे सारे गणित ग्राहक तोटा ओळखण्यापूर्वी वर्षाची रक्कम वसूल करण्यावर उभे होते.

तरीही चोख सल्लागार दुर्मीळच राहिले. एवढ्या मोठ्या देशात नोंदणीकृत गुंतवणूक सल्लागारांची संख्या हजाराच्या आतबाहेर घोटाळत राहावी, याला अर्हता व अनुपालनाच्या जाचक अटी जितक्या कारण, तितकीच आपली सवयही कारण आहे : वकिलाला आणि डॉक्टरला फी देणारा मध्यमवर्ग पैशाच्या सल्ल्याला फी द्यायला कचरतो आणि मग दहापट रक्कम नकळत देतो. डिसेंबर २०२४ मध्ये अनुभवाची व निव्वळ मत्तेची अट शिथिल करून नव्या माणसांना दार उघडले गेले. त्याचा परिणाम दिसायला काही वर्षे जातील.

दरम्यान टिप विकणारे टेलिग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅपवर गेले आहेत. दालन नाही, पाटी नाही, आणि कित्येकदा क्रमांकही दुसऱ्याच प्रामाणिक सल्लागाराचा उचललेला. म्हणून आता मी विचारायला आलेल्याला एवढेच करायला सांगतो : सेबीच्या संकेतस्थळावर क्रमांक आणि नाव दोन्ही पडताळून पाहा, तेथे दिलेल्याच पत्त्यावर व दूरध्वनीवर स्वतः संपर्क करा, रक्कम व्यक्तीच्या खाती मागितली तर तेथेच थांबा, आणि पहिल्या भेटीत एक प्रश्न नि:संकोच विचारा, की माझ्याखेरीज आपल्याला या व्यवहारात आणखी कोण पैसे देणार आहे. उत्तर देताना समोरच्याने करारनामा पुढे सरकवला तर बोलणे पुढे न्यावे; विषय बदलून गेल्या महिन्याचा नफा दाखवू लागला तर चहाचे पैसे देऊन उठावे.