घर नगराचें, किल्ली राज्याची

सन २०२४ च्या पावसाळ्यांतील गोष्ट. अंबडच्या आमच्या घरीं माझी नात शाळेची वही घेऊन मजपाशीं आली. आपले खासदार, आमदार, महापौर आणि नगरसेवक यांचीं नांवें लिहून आणावयास तिच्या बाईंनीं सांगितलें होतें. पहिलीं दोन नांवें तिनें आधींच लिहिलीं होतीं. "आजोबा, पुढचीं दोन सांगा ना," ती म्हणाली. सारा जन्म मुलांना उत्तरें सांगण्यांत गेलेला मी त्या दिवशीं निरुत्तर झालों. कारण त्या दोन्ही जागा खरोखरच रिकाम्या होत्या. नाशिक महानगरपालिकेच्या लोकनियुक्त सभासदांची मुदत मार्च २०२२ मध्यें संपली होती व नवी निवडणूक झाली नव्हती. "तेथें प्रशासक असें लिही," मीं सांगितलें. तिनें तसें लिहिलें आणि विचारलें, "त्यांना कोणी निवडलें?" मीं म्हटलें, "राज्य सरकारनें." त्यावर ती म्हणाली, "मग महानगरपालिका आपली कशी?"

मुलीचा प्रश्न लहान, पण त्याचें उत्तर शोधूं लागलों तेव्हां जें ध्यानांत आलें तें वाचकांपुढें ठेवितों.

नाशिकची नगरपालिका १८६४ सालची. म्हणजे लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या स्थानिक स्वराज्याच्या ठरावाहूनही वडील. लोकांना राज्यकारभाराचें शिक्षण मिळावें, हा त्या ठरावाचा मुख्य हेतु होता. पुण्याच्या नगरपालिकेंत महात्मा फुले सभासद होते व पुढें गोपाळ कृष्ण गोखले अध्यक्ष होते, हें आठवलें म्हणजे त्या शाळेचें मोल कळतें. आमचें अंबड १९८२ पर्यंत निराळें गांव होतें. त्या वर्षीं नोव्हेंबरांत नाशिक, नाशिकरोड-देवळाली व सातपूर या नगरपालिका आणि अंबड धरून तेवीस गांवें एकत्र करून महानगरपालिका स्थापन झाली. परंतु तिची पहिली निवडणूक होण्यास १९९२ साल उजाडलें. २०२२ पासून पुन्हा जवळजवळ चार वर्षें प्रशासकाचीं गेलीं. म्हणजे स्थापनेपासून सुमारें तेरा वर्षें या शहरानें आपला कारभार आपल्या प्रतिनिधींवांचून पाहिला.

असें होऊं नये म्हणूनच राज्यघटनेंत चौऱ्याहत्तरावी दुरुस्ती झाली. ती १ जून १९९३ पासून अमलांत आहे. नगरपालिकांची मुदत पांच वर्षें, आणि ती संपण्यापूर्वीं निवडणूक पुरी व्हावी, असें तींत स्पष्ट आहे. नगररचना, रस्ते, पाणीपुरवठा, सार्वजनिक आरोग्य, अग्निशमन इत्यादि अठरा विषय बाराव्या अनुसूचींत नगरांसाठीं नेमून दिले आहेत. पण संस्कृत व्याकरण शिकविण्यांत ज्याचें आयुष्य गेलें त्याची दृष्टि क्रियापदावर जाते. हे अधिकार राज्याच्या विधिमंडळानें नगरांस 'द्यावे' असें घटना म्हणत नाहीं. कायदा करून 'देतां येतील' असें म्हणते. आज्ञा नाहीं, केवळ शक्यता आहे. आमच्या नगराचें सारें स्वराज्य या एका क्रियापदावर टांगलेलें आहे.

आतां कायदा पाहूं. आमच्या महानगरपालिकेचा कारभार १९४९ च्या अधिनियमाप्रमाणें चालतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम हें त्याचें आजचें नांव. त्याप्रमाणें ठराव करावे महासभेनें. पण ते अमलांत आणणारा आयुक्त नेमावा राज्य सरकारनें. एकूण सभासदांपैकीं पांच-अष्टमांशांनीं मत दिलें तर आयुक्तास परत बोलवावें लागतें, एवढा अधिकार सभेस आहे. उलट कलम ४५१ अन्वयें सभेचा ठराव निलंबित वा रद्द करण्याचा अधिकार सरकारास आहे.

२०१८ मध्यें याचा प्रत्यय आला. तत्कालीन आयुक्त तुकाराम मुंढे यांनीं मालमत्ताकराचे दर वाढविले. मोकळ्या जमिनींवरील करामुळें शेतकरीही अस्वस्थ झाले. महासभेंत विरोध झाला, अविश्वासाचा प्रस्ताव आला व बारगळला. पुढें नोव्हेंबरांत सरकारनें आयुक्तांची बदली केली. कोणाची बाजू खरी, हा वाद येथें नको; करावांचून सोयी होत नाहींत हें प्रत्येक गृहस्थ जाणतो. ध्यानांत घ्यावयाचें तें इतकेंच कीं, आयुक्त आले ते सरकारच्या आज्ञेनें आणि गेले तेही सरकारच्याच आज्ञेनें. कर भरणारा नागरिक दोन्ही वेळां प्रेक्षकच राहिला.

दुसरी किल्ली तिजोरीची. जकातनाक्यावर खोळंबलेल्या मालमोटारींची रांग नाशिककरांस आठवत असेल. ती रांग गेली याचें दुःख कोणास नाहीं. पण जकात हें नगराचें स्वतःचें उत्पन्न होतें. २०१३ च्या मे महिन्यांत तिच्या जागीं स्थानिक संस्था कर आला; ऑगस्ट २०१५ मध्यें बहुतेक व्यापाऱ्यांपुरता तोही उठविला गेला; आणि जुलै २०१७ पासून वस्तु व सेवा कराच्या राजवटींत राज्याकडून नुकसानभरपाई मिळूं लागली. तींत दरवर्षीं आठ टक्के वाढीची तरतूद आहे, आणि ती राज्याच्याच कायद्यानें दिलेली आहे, हें मान्य. तरीही स्वतः मिळविणारा कर्ता पुरुष आणि दरमहा ठराविक रकमेची वाट पाहणारा, या दोघांच्या शब्दास घरांत सारखें वजन नसतें, हें वाचकांस सांगणें नको.

तिसरी किल्ली प्रभागरचनेची. २०१७ ची निवडणूक बहुतांशीं चार सभासदांच्या प्रभागांनीं झाली. मग कायद्यानें एकसदस्य प्रभाग ठरला, पुढें तीन सभासदांचा झाला, आणि २०२२ मध्यें पुन्हा चार. त्याच वर्षीं प्रभाग आंखण्याचें काम राज्यानें निवडणूक आयोगाकडून स्वतःकडे घेतलें. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा खटलाही चालू होता. अखेर ६ मे २०२५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निवडणुका चार महिन्यांत घेण्यास सांगितलें, आणि १५ जानेवारी २०२६ रोजीं मतदान झालें. माझ्या नातीच्या वहींत आतां एका नगरसेवकाऐवजीं चार नांवें लिहावीं लागतात. पण नळाला पाणी आलें नाहीं तर या चौघांपैकीं कोणाचें दार ठोठवावें, तें तिला सांगतां येत नाहीं. बारभाईच्या कारभारांत जाब देणारा सांपडत नाहीं.

राज्याचा हात सर्वत्रच काढून घ्यावा, असें मात्र माझें म्हणणें नाहीं. गोदावरी नाशिकास थांबत नाहीं; ती पैठणास जाते. जलसंपत्ति नियमन प्राधिकरणाच्या २००५ च्या कायद्यांतील समन्यायी वाटपाच्या तत्त्वानुसार २०१५, २०१८ व २०२३ सालीं आमच्या धरणांतून जायकवाडीस पाणी सोडलें गेलें, तेव्हां येथें पुष्कळ संताप झाला. मलाही वाईट वाटलें. पण खालच्या गांवांची तहान वरच्या गांवानें ठरवावी, हें न्यायाचें नव्हे. तेथें राज्यच हवें. कुंभमेळ्यास साऱ्या देशांतून यात्रेकरू येतात. त्याच्यासाठीं २०२५ मध्यें राज्यानें निराळें प्राधिकरण निर्माण केलें, त्यासही कारण आहे. मात्र मेळा उठल्यावर रस्ते व गटारें सांभाळावयाचीं नगरानेंच. म्हणून तीं कोठें व कशीं बांधावीं यांत नगराचा शब्द असावा.

आमच्या अंबडची औद्योगिक वसाहत याचाच धडा आहे. जमीन औद्योगिक विकास महामंडळाच्या भाडेपट्ट्याची, आणि तें महामंडळ १९६१ च्या राज्यकायद्यानें निर्मिलेलें. मालमत्ताकर मात्र महापालिकेचा. दोन्हीकडे पैसे भरून सोयी कोणाकडे मागाव्या, ही कारखानदारांची जुनी तक्रार आहे.

म्हणून कसोटी एकच असावी. ज्या कामाचें बरेंवाईट नगराच्या शिवेबाहेर जातें तें राज्यानें पाहावें. जें आमच्याच गल्लींत संपतें तें नगराकडे असावें. आणि ज्याच्याकडे काम दिलें त्याच्याकडेच पैसा व अधिकार द्यावा. किल्लीवांचून घर सांभाळावयास दिलें तर चोरी झाल्यावर जाब कोणास विचारावा?

आणि आपण गृहस्थांनींही कांहीं करावयास हवें. राज्याच्या कायद्यांत २००९ पासून क्षेत्रसभेची तरतूद आहे. मोहल्ल्यांतील मतदारांनीं एकत्र बसून आपल्या गरजा सांगाव्या, अशी ती कल्पना. ती सभा बोलवावयास आपल्या नगरसेवकांस लेखी सांगावें. दरवर्षीं अंदाजपत्रक मागवून घरांत एकानें तरी वाचावें. आमच्या घरीं हें काम नातीकडे दिलें आहे. तिला आंकडे सारे कळत नाहींत, मलाही कळत नाहींत. पण रोज संध्याकाळीं दिवे लागल्यावर आम्ही दोघें दोन पानें वाचतों, आणि न कळलेलें एका कागदावर टिपून ठेवितों. तो कागद घेऊन मी त्या चौघांकडेही जाणार आहें.