पॅड बांधून बसलेला गडी



नांदुरा घ्या, मलकापूर घ्या, नाही तर खामगाव घ्या. शाळेच्या मैदानावर क्रिकेटचा सामना चालला असला म्हणजे एक मुलगा हमखास दिसतो. दोघेजण खेळत असतात, बाकीचे लिंबाखाली बसून टाळ्या पिटत असतात, आणि हा एकटा पॅड बांधून, बॅट मांडीवर घेऊन बसलेला असतो. गडी बाद झाला की याची पाळी. पण गडी बाद होत नाही. ऊन कलते, सामना संपतो आणि हा पॅड सोडून घरी जातो. अशा मुलाचे पुढे काय होते? आजचे बोलणे त्याच्याविषयी आहे.

फेब्रुवारी १९८८ मध्ये मुंबईच्या आझाद मैदानावर हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेचा सामना होता. शारदाश्रम विद्यामंदिराच्या दोन मुलांनी, सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी, त्या सामन्यात ६६४ धावांची अभेद्य भागी केली. सचिन नाबाद ३२६, विनोद नाबाद ३४९. ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. पण त्यांच्यानंतर ज्याची पाळी होती, तो तेरा वर्षांचा मुलगा पॅड बांधून बसला तो बसलाच. त्याचे नाव अमोल मुजुमदार.

पुढे अमोलचीही वेळ आली. १९९३-९४ च्या हंगामात, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, तो रणजी करंडकात मुंबईकडून पहिला सामना खेळला. समोर हरियाणा, मैदान फरीदाबादचे. पठ्ठ्याने २६० धावा केल्या. पहिल्याच प्रथम श्रेणी सामन्यात इतक्या धावा तोवर जगात कुणी केल्या नव्हत्या, आणि हा विक्रम २०१८ पर्यंत टिकला. हा पोरगा आज ना उद्या भारतासाठी खेळणार, असे तेव्हा लोक बोलू लागले.

पण तसे झाले नाही. का झाले नाही, हे नीट समजून घेऊ या. एका संघात अकरा जागा. त्यांतून गोलंदाज, यष्टिरक्षक आणि सलामीचे दोन फलंदाज वजा केले, की मधल्या फळीत चार-पाच जागा उरतात. एकावर सचिन आधीच बसलेला. जून १९९६ मध्ये लॉर्ड्सच्या एकाच कसोटीत सौरव गांगुली आणि राहुल द्रविड आले. त्याच वर्षी नोव्हेंबरात लक्ष्मण आला. हे लोक पुढे दहा-बारा वर्षे आणि त्याहूनही अधिक काळ जागेवरून हलले नाहीत. म्हणजे आझाद मैदानावर जे एका सामन्यात घडले, तेच अमोलच्या साऱ्या उमेदीत घडले. तो पॅड बांधून तयार, आणि पुढचे गडी काही बाद होत नाहीत.

यात कुणाचा दोष काढावा? निवड समितीचा म्हणाल, तर तिने निवडलेले खेळाडू खोटे नव्हते. अमोलचा म्हणाल, तर त्याच्या धावा खोट्या नव्हत्या. पात्र माणसे जास्त आणि जागा कमी असल्या, की असे होतेच. नोकरीच्या परीक्षेला बसलेल्या पोरांना हे समजावून सांगायला नको.

मग हा गडी काय करीत राहिला? खेळत राहिला. रणजी सामना म्हणजे चार दिवस, बाद फेरीत पाच. आज बडोदा, उद्या हैदराबाद, परवा आणखी कुठे. प्रेक्षक मूठभर, वर्तमानपत्रात चार ओळी. असे त्याने एकूण १७१ प्रथम श्रेणी सामने खेळले, ११,१६७ धावा केल्या, ३० शतके काढली. सरासरी ४८ च्या वर, म्हणजे दर वेळी बाद होण्यापूर्वी सुमारे ४८ धावा. ही कमाई त्याने एकवीस हंगामांत केली.

मधे २००६-०७ च्या हंगामात तो मुंबईचा कर्णधार होता. सुरुवात पराभवांनी झाली. उपांत्य सामन्यात बडोद्याविरुद्ध दुसऱ्या डावात फळ्यावर आकडा लागला तो शून्यावर पाच बाद! तरीही मुंबईने तो सामना जिंकला आणि पुढे बंगालला हरवून करंडकही नेला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचे काम आहे.

पस्तिशीच्या उंबरठ्यावर त्याने मुंबई सोडली आणि आसामकडून, मग आंध्रकडून खेळला. परप्रांताच्या संघात असा अनुभवी खेळाडू घेतात, तो नुसत्या धावांसाठी नव्हे. त्याने तिथल्या पोरांना चार गोष्टी दाखवाव्यात, ही अपेक्षा असते. खेळाडूचा शिक्षक होण्याची पहिली पायरी ती. २०१४ मध्ये त्याने बॅट खाली ठेवली. भारताची टोपी अखेरपर्यंत मिळाली नाही.

त्यानंतर त्याने शिकवण्याचे काम धरले. राजस्थान रॉयल्स या संघाच्या फलंदाजांना शिकवले, २०१९ च्या भारत दौऱ्यात दक्षिण आफ्रिकेच्या फलंदाजांना शिकवले, २०२१ मध्ये मुंबईच्या संघाचे प्रशिक्षकपद घेतले. २०२२ मध्ये मुंबई रणजीच्या अंतिम सामन्यात पोहोचली आणि मध्य प्रदेशाकडून हरली. मध्य प्रदेशाचा प्रशिक्षक कोण होता, तर मुंबईचाच चंद्रकांत पंडित!

हे नाव आपल्या विदर्भाला परके नाही. पंडित भारतासाठी पाच कसोटी सामने खेळले, पण संघात त्यांची जागा कायमची झाली नाही. पुढे प्रशिक्षक म्हणून २०१७ मध्ये ते नागपूरला आले. विदर्भाने तोवर रणजी करंडक कधी जिंकला नव्हता. १ जानेवारी २०१८ रोजी इंदूरला दिल्लीला हरवून तो जिंकला, आणि पुढच्या वर्षी नागपुरात पुन्हा जिंकला. संघात जवळजवळ तीच पोरे होती. बदलली होती शिस्त आणि स्वतःकडे पाहण्याची नजर.

पंडित आणि मुजुमदार दोघेही आचरेकर सरांचे शिष्य. खुद्द रमाकांत आचरेकर किती प्रथम श्रेणी सामने खेळले होते, ठाऊक आहे? फक्त एक. पण शिवाजी पार्कवर ते यष्टीवर रुपयाचे नाणे ठेवीत. गोलंदाजाने बाद केले तर नाणे त्याचे, दिवसभर बाद झाला नाही तर फलंदाजाचे. १९९० मध्ये त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला.

आता मूळ प्रश्न. खेळात ज्याला शिखर मिळाले नाही, तो शिकवण्यात पुढे जातो, असे का? प्रत्येक मागे राहिलेला माणूस चांगला शिक्षक होतो असे मुळीच नाही. काही जण कडवट होतात आणि तो कडवटपणा पोरांच्या ताटात वाढतात. पण ज्याला सारे सहज येते, त्याला आपण ते कसे केले हे पुष्कळदा सांगता येत नाही. ज्याने एकेक धाव घासून मिळवली, त्याला वाटेतला प्रत्येक खड्डा माहीत असतो. आणखी एक गोष्ट त्याला माहीत असते, ती म्हणजे बाहेर बसण्याचे दुःख.

त्याचा प्रत्यय २०२५ मध्ये आला. ऑक्टोबर २०२३ पासून मुजुमदार भारतीय महिला संघाचे प्रशिक्षक होते. २०२५ चा विश्वचषक भारतात झाला, आणि आपला संघ दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड यांच्याकडून ओळीने तीन सामने हरला. देशभर टीका सुरू झाली. पण शून्यावर पाच बाद पाहिलेल्या माणसाला तीन पराभवांनी घाम फुटत नाही. इंग्लंडविरुद्ध जेमिमा रॉड्रिग्जला वगळले होते. तिला पुढच्या सामन्यात परत घेऊन तिसऱ्या क्रमांकावर पाठवले. त्याच जेमिमाने उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ धावा केल्या आणि ३३९ धावांचे लक्ष्य गाठून दिले. सलामीची प्रतिका रावल जखमी झाली, तेव्हा मूळ संघात नसलेल्या शफाली वर्माला ऐनवेळी बोलावले. तिने अंतिम सामन्यात ८७ धावा केल्या आणि दोन बळीही घेतले. दीप्ती शर्माने पाच गडी बाद केले. २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री, नवी मुंबईत, भारताने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून महिलांचा विश्वचषक पहिल्यांदा जिंकला. सांगलीची स्मृती मानधना संघाची उपकर्णधार होती. कर्णधार हरमनप्रीत कौर मैदानावरच मुजुमदारांच्या पायांना हात लावून त्यांना बिलगली, ते दृश्य तुम्ही पाहिले असेल.

खेळल्या त्या मुली, हे विसरू नये. धावा प्रशिक्षक काढीत नाही. पण बाहेर बसलेल्या मुलीला आत बोलावल्यावर ती तयार असावी, हे काम प्रशिक्षकाचे.

गुरुजी, बाई, आता थोडे तुमच्याशी. तालुक्याच्या स्पर्धेला संघ निवडताना तुम्ही अकरा नावे वाचता आणि पाच-सहा पोरे खाली मान घालतात. सगळ्यांना घेता येत नाही, हे खरेच. पण न निवडलेल्याला दोन गोष्टी देता येतात. एक, का घेतले नाही ते त्याला बाजूला नेऊन खरे सांगणे. दुसरी, त्याला काम देणे. गुणवही लिहू द्या, धाकट्या पोरांना झेल शिकवू द्या, सरावाला रोज बोलवा. त्यातून कोण खेळाडू निघेल आणि कोण शिक्षक, ते आज सांगता येत नाही.

आपण वऱ्हाडातले लोक, पेरणीचे गणित जाणतो. मृगाच्या पावसावर मूग आणि तूर एकाच वावरात पडतात. मूग दोन-अडीच महिन्यांत घरी येतो. तूर मात्र पौषापर्यंत उभी असते. म्हणून भादव्यात कुणी तुरीला नांगर घालत नाही.

तेव्हा पुढच्या सामन्याला लिंबाखाली पॅड बांधून बसलेला मुलगा दिसला, तर क्षणभर त्याच्याजवळ बसा आणि विचारा, 'काय रे, गोलंदाज कसा टाकतोय?' तो इतका वेळ नुसता बसलेला नाही, सामना पाहतो आहे. त्याचे उत्तर ऐकण्यासारखे असेल.