बिनसाखरेचे गोड पाणी

हल्ली रत्नागिरी शहरापासून तो दापोली-राजापूरकडील आडगावच्या दुकानापर्यंत, फ्रिजमध्ये 'शून्य साखर' असे ठळक छापलेल्या पेयांच्या बाटल्या दिसू लागल्या आहेत. घरात मधुमेहाचा रोगी असला म्हणजे ही बाटली पथ्याची मानून आणली जाते, आणि वडील माणसाकरिता आणलेली बाटली मुलेही आनंदाने संपवितात. साखर नाही, त्या अर्थी अपायही नाही, असा समज यामागे असतो. तो कितपत खरा आहे, याचा विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम ही गोडी येते कोठून ते पाहू. यांतील सर्वांत जुने द्रव्य सॅकरिन. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात १८७९ साली फालबर्ग नामक रसायनज्ञास, डांबरापासून निघणाऱ्या द्रव्यांवर काम करीत असता, ते योगायोगाने सापडले. अस्पार्टेम १९६५ साली पोटातील व्रणावर औषध शोधताना हाती लागले. सुक्रालोज १९७६ साली लंडन येथे निघाले. ते साखरेलाच क्लोरीनची जोड देऊन करितात. साखरेच्या मानाने अस्पार्टेम सुमारे २०० पट, सॅकरिन ३०० पट किंवा अधिक, आणि सुक्रालोज ६०० पट गोड असते. म्हणूनच चिमूटभर द्रव्यात पिंपभर पाणी गोड होते.

आता आक्षेपांची छाननी करू. १९७० नंतरच्या दशकात सॅकरिनने उंदरांच्या मूत्राशयास कर्करोग होतो असे आढळल्यावरून अमेरिकेत १९७७ पासून वेष्टणावर इशारा छापणे सक्तीचे झाले. पुढे तो परिणाम उंदरांच्या शरीराच्या विशिष्ट रचनेमुळे होतो असे ठरून २००० साली इशारा काढण्यात आला. तात्पर्य, भय घालणारी प्रत्येक वार्ता खरीच असते असे नाही.

जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अस्पार्टेम 'कदाचित कर्ककारक' या वर्गात घातले. मात्र पुरावा मर्यादित असल्याचेही सांगितले. त्याच वेळी तज्ज्ञ समितीने रोजची मर्यादा पूर्वीचीच, म्हणजे शरीराच्या दर किलो वजनामागे ४० मिलिग्रॅम, कायम ठेविली. याचा हिशेब वाचकांनी स्वतःच करून पाहावा. एका डब्यात २०० ते ३०० मिलिग्रॅम अस्पार्टेम धरिले, तर ७० किलो वजनाच्या मनुष्याची मर्यादा ९ ते १४ डब्यांनी भरते. एवढे सहसा कोणी पीत नाही. परंतु १५ किलो वजनाच्या मुलाची मर्यादा ६०० मिलिग्रॅम, म्हणजे अवघे दोन ते तीन डबे! एकच बाटली बापास थोडी आणि लेकरास फार होते, ती अशी.

आमच्या मते कर्करोगापेक्षा दुसरी गोष्ट अधिक विचारणीय आहे. मे २०२३ मध्ये याच जागतिक संघटनेने, वजन ताब्यात ठेवण्यासाठी अशी द्रव्ये वापरू नयेत, अशी शिफारस केली. दीर्घ मुदतीत त्यांनी चरबी घटत नाही; उलट ती नित्य घेणाऱ्या प्रौढांत मधुमेह व हृदयविकार अधिक आढळतात, असे तिचे निरीक्षण आहे. येथे विवेक सोडू नये. ज्याचे वजन आधीच वाढले आहे तोच अशा पेयांकडे वळतो, तेव्हा कारण कोणते व परिणाम कोणता हे सर्वस्वी उलगडलेले नाही. तसेच ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना उद्देशून ही शिफारस नाही. त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने वागावे. साखरेच्या बाटलीऐवजी ही घेतली तर तेवढी साखर वाचते हे खरे. पण तहानेस पाणी सर्वांत उत्तम, हे त्याहून खरे.

शिवाय या पेयांतील आम्लाने दातांचे कवच झिजते. साखर नसल्याने ते टळत नाही. फिनाइलकीटोनुरिया नामक जन्मजात विकार असणाऱ्यास अस्पार्टेम वर्ज्यच आहे. आणि जिभेची गोडीची सवय सुटत नाही, ती निराळीच.

मग आपले कोकम बरे, असे कोणी म्हणेल. येथेही स्वतःस फसवू नये. अमृतकोकम करिताना रातांब्याच्या सालींच्या सुमारे दुप्पट साखर पडते; ते देशी आहे म्हणून मधुमेह्यास चालते असे नव्हे. आगळात साखर नसते, परंतु मीठ भरपूर असते. रक्तदाब असलेल्याने ते जपून घ्यावे. बिनसाखरेची सोलकढी, पातळ ताक, किंवा चार आमसुले भिजवून जिरेपूड घातलेले पाणी, ही आपली खरी 'शून्य साखर' पेये होत.

शेवटी एक गोष्ट आपल्या धंद्याची. आपल्यापैकी पुष्कळांच्या परसात रातांबे आहेत, व उन्हाळ्यात सरबत करून विकणारी घरेही थोडी नाहीत. साखरेचा भाव पाहता, एक ग्रॅम सॅकरिनने ३०० ग्रॅम साखरेचे काम भागेल, असा मोह होणे शक्य आहे. तो कटाक्षाने टाळावा. साखर सरबतास केवळ गोड करीत नाही, टिकवितेही. ती काढली की माल लवकर बिघडतो. शिवाय २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यान्वये अशी द्रव्ये ज्या पदार्थांत मान्य आहेत त्यांतच, ठरलेल्या प्रमाणात, व वेष्टणावर स्पष्ट लिहूनच घालता येतात. न सांगता घातलेले सॅकरिन अजाण मुलाच्या पोटात जाते, आणि एका घराच्या लबाडीने साऱ्या जिल्ह्याच्या कोकमाचे नाव जाते.

सबब बाटली विकत घेताना वेष्टणावरील बारीक अक्षरे वाचावीत, मुलांस या पेयांची सवय लावू नये, आणि आपण विकतो त्या बाटलीवर आत काय आहे ते खरे लिहावे, एवढीच आमची विनंती आहे.