फेरमोजणी : कधी मिळते, कधी नाही

आपल्या नाशिक जिल्ह्यातील मालेगाव मध्य मतदारसंघाचा निकाल २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत अवघ्या १६२ मतांनी लागला. असा निकाल लागला की पारावर पहिला प्रश्न निघतो, “पुन्हा मोजायला काय हरकत होती?”

त्याच वर्षी मुंबई वायव्य लोकसभा मतदारसंघात काय झाले ते पाहा. यंत्रांवरील मते मोजून झाली तेव्हा अमोल कीर्तिकर यांची ४,५१,०९५ आणि रवींद्र वायकर यांची ४,५१,०९४ मते होती. एका मताची आघाडी! पण टपाली मते मिळवताच पारडे फिरले आणि वायकर ४८ मतांनी विजयी झाले. बाद ठरलेली टपाली मते होती १११, म्हणजे फरकाहून जास्त. म्हणून तेवढी पुन्हा तपासण्यात आली. निकाल तोच राहिला. कीर्तिकर मुंबई उच्च न्यायालयात गेले. तेथे डिसेंबर २०२४ मध्ये त्यांची याचिका फेटाळली गेली. आवश्यक तथ्ये याचिकेत नेमकी मांडलेली नाहीत, असे न्यायालयाला दिसून आले.

आपण म्हणाल, ४८ मतांसाठी एवढा काथ्याकूट कशाला? मोजून टाकायची! मलाही विद्यार्थिदशेत असेच वाटे. पण मोहरबंद मतपत्रिका उघडायच्या म्हणजे मतदाराच्या गुप्ततेला हात घालायचा. म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्येच सांगून ठेवले की, कोठे काय चुकले हे नेमके मांडा, सकृतदर्शनी आधार दाखवा, मग तपासणीचे पाहू. ‘काहीतरी सापडेल’ एवढ्या आशेवर पेट्या उघडता येत नाहीत. फरक थोडा आहे, एवढे एकच कारणही पुरत नाही.

तेव्हा खरी वेळ असते ती मोजणीच्या दालनातली. बेरजा जाहीर झाल्यावर उमेदवाराला किंवा त्याच्या प्रतिनिधीला लेखी अर्ज करून, कारणे देऊन, फेरमोजणी मागता येते. अधिकारी ती सर्व मतांची देईल, काहींची देईल, किंवा मागणी अवाजवी वाटली तर नाकारील. मात्र निर्णय सकारण आणि लेखी हवा. निकालपत्रकावर त्याची सही झाली की हा दरवाजा बंद. तोंडी आरडाओरडा कितीही केला तरी कागदावर त्याची नोंद राहत नाही. म्हणून मोजणीच्या टेबलाशी बसणाऱ्या गड्याने केंद्राचा क्रमांक, फेरीचा आकडा, हरकत कशावर घेतली, हे तेव्हाच टिपून ठेवावे. यंत्राला जोडलेल्या पेटीतील छापील चिठ्ठ्या मोजण्याची मागणीही अशीच लेखी करावी लागते. चिठ्ठ्यांची मोजणी झाली आणि आकडे जुळले नाहीत, तर चिठ्ठ्यांचा आकडा खरा धरतात.

त्यानंतर उरते ती निवडणूक याचिका. लोकसभा-विधानसभेची असेल तर निकालापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात. आणि आपल्या ग्रामपंचायतीची असेल तर १५ दिवसांत दिवाणी न्यायाधीशाकडे. गावात निम्मे दिवस तर वकील कोणता करावा, यातच जातात.