जन्मतारखेवरून भंगारात

दहा वर्षं वापरलेली आमची २००७ ची मर्सिडीज ई २८० सीडीआय गेल्या महिन्यात विकली. घेणाऱ्याला ती चालवायची नव्हती, सुटे भाग काढायचे होते. इंजिन ठणठणीत असलेली गाडी अशी खोलायला जावी, याचा संताप अजून उतरलेला नाही.

पुण्यात टेल्कोच्या भागीदारीत मर्सिडीज तयार होऊ लागली १९९५ मध्ये. पुढची वीस वर्षं आम्हा नागपूरकर नोकरदारांनी ती लग्नाच्या वरातीत नाहीतर बिल्डरच्या दारात पाहिली. २०१० मध्ये औरंगाबादेत एका दमात दीडशे मर्सिडीज घेतल्या गेल्या, पेपरांनी रकाने भरले. आम्हाला त्याचं सोयरसुतक नव्हतं.

चित्र पालटलं २०१५ मध्ये. राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिलमध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी केली. त्याच डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तिथे दोन हजार सीसीवरच्या नव्या डिझेल गाड्यांची नोंदणी काही महिने थांबवली. घाबरलेले मालक मिळेल त्या भावाला गाड्या काढू लागले आणि तीन लिटरची व्ही-सिक्स आम्हाला नव्या स्विफ्टच्या पैशात मिळाली. एनओसी आणली, महाराष्ट्राचा कर भरला. आधीच्या राज्यात भरलेल्या कराचा परतावा कधी आलाच नाही. विकणाऱ्या दलालाने किलोमीटर मागे फिरवले होते, तेही पुढे सर्व्हिसच्या जुन्या नोंदींतून उघड झालं. अशा माणसांमुळे हा सगळा बाजार बदनाम आहे.

तरी ते दशक या गाडीने सोन्याचं केलं. आईला काशीची ओढ. सिवनी, जबलपूर, रीवा, मिर्झापूर करत आम्ही जायचो. गुडघ्यांनी अधू झालेली आई मागच्या सीटवर निवांत झोपायची. मैदागिनच्या अलीकडे गाडी ठेवायची आणि पुढे गल्ल्यांतून तिचा हात धरून हळूहळू भोसले घाट गाठायचा. अठराव्या शतकाच्या अखेरीस नागपूरकर भोसल्यांनी बांधलेला हा घाट, वर लक्ष्मीनारायणाचं मंदिर. आपल्याच गावच्या राजाच्या पायऱ्यांवर बसल्याचं समाधान तिच्या चेहऱ्यावर दिसायचं.

अशाच एका मुक्कामात गाडीखाली तेल दिसलं. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून थेंब पडत होते. नागपुरात एका चकचकीत वर्कशॉपने क्रँकचं मागचं सील गेल्याचं सांगून गिअरबॉक्स उतरवायचा खर्च काढला. आमच्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी मात्र टॉर्च घेऊन वरून पाहिलं. या इंजिनात ऑइल कूलर दोन्ही बाजूंच्या सिलिंडरांच्या मधल्या खोबणीत बसतो. त्याची नारिंगी रबरी सीलं उष्णतेने कडक होतात, तेल खोबणीत साठतं आणि मागून ओघळतं. सीलं काही शेकड्यांची, पण तिथवर पोचायला टर्बो आणि इनटेक मॅनिफोल्ड उतरवावे लागतात. मिस्त्रींनी नंतर निघालेली जांभळी सीलं मागवून बसवली. पुन्हा थेंब पडला नाही.

मिस्त्री आता थकले, गॅरेज बंद झालं. त्यांच्या हाताखालची पोरं शोरूममध्ये गेली. तिथे भाग दुरुस्त होत नाही, बदलला जातो. नव्या गाड्यांत तर साधं मॉड्यूल बदललं तरी कंपनीच्या सॉफ्टवेअरने त्याची ओळख पटवावी लागते. बाहेरच्या हुशार माणसाचे हात बांधण्याचा हा उघड उद्योग आहे.

वर सरकारचा धाक. पंधरा वर्षांनंतरच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल २०२२ पासून सहाशेचं पाच हजार झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी ते दहा हजार केलं. जुलै २०२५ मध्ये दिल्लीत वय झालेल्या गाड्यांना पंपावर इंधन नाकारायला सुरुवात झाली आणि काही दिवसांतच ते थांबवावं लागलं. धूर तपासायची यंत्रं देशभर असताना गाडीची जन्मतारीख कशाला बघता? नीट राखलेली जुनी गाडी मोडीत काढून तिच्या जागी नवी घडवताना लागणारं पोलाद, वीज, पाणी कोणी मोजतच नाही.

जुनी आलिशान डिझेल गाडी घेणार असाल तर इंजिन थंड असताना जा, खोबणीत टॉर्च मारा, सर्व्हिसच्या नोंदी मागा आणि किमतीचा चौथा हिस्सा पहिल्या वर्षाच्या कामासाठी बाजूला ठेवा. आणि भरवशाचा मिस्त्री सापडल्याशिवाय टोकन देऊ नका.