उजनीच्या पाण्यावरील रोहित पक्षी



कामगार चळवळीतल्या माणसाने पक्ष्यांविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु पक्षी पाहणे ही केवळ सवडीची चैन आहे, असे मी मानीत नाही. ज्या उजनीचे पाणी आपण सोलापूरकर पितो, त्याच पाण्यावर दरसाल पाहुणे येऊन पोट भरतात. त्यांची आपल्याला ओळख नसावी, हे बरे नव्हे.

भीमेवरील उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले. धरण आपल्या माढे तालुक्यात; पण त्याचा फुगवटा करमाळा, इंदापूर, दौंड या तालुक्यांपर्यंत पसरतो. त्याखाली गावे गेली, काळी जमीन गेली. उन्हाळ्यात पाणी फार उतरले की पळसदेवचे जुने देऊळ वर येते आणि त्याची आठवण करून देते. पाणी ओसरू लागले म्हणजे काठाशी उथळ चिखल तयार होतो, आणि त्या चिखलाच्या ओढीने हिवाळ्यापासून रोहित पक्षी येऊ लागतात. यांनाच अग्निपंख असेही म्हणतात. सोलापूरहून पुण्याच्या वाटेवर सुमारे दीडशे किलोमीटरांवर भिगवण लागते. तेथून जवळच्या कुंभारगावचे मच्छीमार आपल्या होड्यांतून लोकांना हे पक्षी दाखवावयास नेतात.

रोहिताची चोच मधोमध वाकलेली असते. खाताना तो डोके उलटे करून पाण्यात घालतो. त्याची जाड जीभ पंपाच्या दट्ट्यासारखी मागेपुढे होते. पाणी आत येते आणि बाहेर जाते. चोचीच्या कडांना कंगव्यासारखे बारीक दाते असतात. त्यांत शेवाळाचे कण, अळ्या, बारीक कवचाचे जीव अडकतात. या अन्नातल्या रंगद्रव्यामुळेच पंखांना गुलाबी रंग चढतो. पिल्ले करड्या रंगाची असतात.

आता विचार करा, इतक्या बारीक दाण्यांवर एवढा उंच पक्षी पोसायचा म्हणजे तासन्‌तास मान खाली घालून राबले पाहिजे. आपल्या शहरातली विडी वळणारी बाई हजार विड्यांमागे मजुरी घेते. हात थांबला की मजुरी थांबली. रोहिताचेही तसेच आहे. त्यात त्याला एकदम उडता येत नाही. पाण्यावरून धावत जाऊन मग पंखांवर उठावे लागते. म्हणजे आपण त्याला उडवले, तर त्याचे काम बुडते आणि कमावलेले बळही खर्ची पडते.

थंड समुद्रांत वल्ह्याच्या चिंचोळ्या होडीतून सील नावाचे प्राणी पाहतात. खडकावर विसावलेल्या सीलने डोके उचलून रोखून पाहिले, की होडी मागे घ्यावयाची, असा तेथील जाणत्यांचा शिरस्ता आहे. उजनीवर हाच नियम लागू पडतो. खाणाऱ्या रोहितांनी माना वर केल्या, की पहिली सूचना मिळाली. ते एकमेकांजवळ सरकून एकाच दिशेने चालू लागले, की दुसरी. तिसरीची वाट पाहू नये. अंतर किती ठेवावे, हे पक्षीच सांगतो.

छायाचित्रासाठी भल्या सकाळी जावे. वारा पडलेला असतो, पाणी स्थिर असते. सूर्य पाठीशी ठेवावा. दुरूनच यंत्र बंद करावे आणि वल्ह्याने किंवा बांबूने होडी तिरकस न्यावी. थव्यावर सरळ चालून जाऊ नये. उभे राहू नये. खाली बसून कोपर गुडघ्यावर टेकवले, तर कॅमेरा पक्ष्याच्या पातळीवर येतो आणि हातही स्थिर राहतो. डुलत्या होडीत तिपाईचा उपयोग नाही. शटर सेकंदाच्या हजाराव्या भागाइतके जलद ठेवावे. उडालेल्या थव्याचे चित्र देखणे दिसते खरे. पण तो आपण उडवला असेल, तर त्या चित्रात पक्ष्याचे बुडालेले काम आहे. मान खाली घालून खाणारा रोहित टिपता आला, तर ते खरे चित्र.

शेवटी नावाड्याविषयी. शहरातला पाहुणा म्हणतो, “शंभर रुपये जास्त घे, पण जवळ ने.” नावाड्याचे घर या फेऱ्यांवर चालते. एकट्याने नकार दिला, तर गिऱ्हाईक शेजारच्या होडीत जाऊन बसते. म्हणून होडीत पाय ठेवण्यापूर्वीच आपण म्हणावे, “दादा, पक्ष्यांनी माना वर केल्या की थांबवा, भाडे ठरले तेच.” आणि नावाड्यांनी एकत्र बसून सर्व होड्यांसाठी एकच नियम केला, तर कोणा एकाची मजुरी मारली जाणार नाही. एकट्याला जो नकार परवडत नाही, तो सर्वांना मिळून परवडतो, हे गिरण्यांच्या या गावात मी निराळे सांगावयास नको. पक्षी निर्धास्त चरले तर पुढच्या हंगामात येतील. आणि ते आले तरच होडीला पाहुणा मिळेल.